पत्रकारिता पुरस्काराची प्रवेशिका: परीक्षक काय तपासतात आणि अर्ज कुठे अडतो

१९८१ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या जॅनेट कुक यांना पुलित्झर हे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मानाचं पारितोषिक जाहीर झालं आणि दोनच दिवसांत वर्तमानपत्राने ते परत केलं. हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या मुलावरची त्यांची बातमी बनावट होती. गंमत अशी, की बिंग फुटलं ते बातमीमुळे नव्हे, अर्जासोबतच्या परिचयामुळे. त्यात त्यांनी वासर कॉलेजची पदवी लिहिली होती. प्रत्यक्षात त्या तिथे एकच वर्ष शिकल्या होत्या. पुरस्काराबरोबर हा परिचय छापून आला, तेव्हा त्या आधी जिथे काम करत होत्या त्या वर्तमानपत्रातल्या लोकांना तो आपल्याकडच्या नोंदींशी जुळेना. तिथून धागा उसवत गेला.

प्रवेशिका भरताना बहुतेकजण चांगली कात्रणं निवडतात, वर एक कौतुकाचं पत्र लावतात आणि शेवटच्या दिवशी पाठवून देतात. परीक्षकांसमोर मात्र एकाच विषयावरच्या चांगल्या लिहिलेल्या अनेक बातम्या असतात. त्यातून निवड होते ती पडताळता येणाऱ्या कामाची. प्रवेशिका हा पुराव्यांचा गठ्ठा आहे असं धरून चाललं, की पुढची बरीचशी कामं आपोआप सरळ होतात.

आधी पुरस्कार पारखून घ्या

महाराष्ट्र शासनाचे उत्कृष्ट पत्रकारिता पुरस्कार माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं. राज्यस्तरावर मराठीसाठी बाळशास्त्री जांभेकर, हिंदीसाठी बाबूराव विष्णू पराडकर आणि इंग्रजीसाठी अनंत गोपाळ शेवडे यांच्या नावाचा पुरस्कार आहे. विभागवार पुरस्कार वेगळे: मुंबईला आचार्य अत्रे, पुण्याला नानासाहेब परुळेकर, कोकणात शि. म. परांजपे, कोल्हापूरला ग. गो. जाधव, नाशिकला दादासाहेब पोतनीस, अमरावतीला लोकनायक बापूजी अणे, नागपूरला ग. त्र्यं. माडखोलकर आणि मराठवाड्यासाठी अनंतराव भालेराव. तालुक्याच्या बातमीदाराला विभागीय गट जवळचा आहे. तुमच्या भागातला प्रश्न ओळखणारी माणसं तिथे भेटण्याची शक्यता जास्त असते.

देशपातळीवर एक्स्प्रेस समूहाचे रामनाथ गोएंका पुरस्कार आहेत. त्यांत प्रादेशिक भाषांसाठी स्वतंत्र विभाग आहे आणि नागरी पत्रकारितेचा पुरस्कार ‘इंडियन एक्स्प्रेस’चे पुण्याचे निवासी संपादक राहिलेल्या प्रकाश कर्दळे यांच्या नावाने दिला जातो. मुंबई प्रेस क्लबचे रेडइंक, पॉप्युलेशन फर्स्ट या मुंबईच्या संस्थेचे स्त्री-पुरुष समभावासाठीचे लाडली पुरस्कार, स्त्री पत्रकारांसाठी मीडिया फाउंडेशनचा चमेली देवी जैन पुरस्कार आणि १६ नोव्हेंबरच्या राष्ट्रीय पत्रकार दिनाला दिले जाणारे भारतीय प्रेस परिषदेचे पुरस्कार ही आणखी काही ठिकाणं. आशियातल्या कामासाठी दिल्या जाणाऱ्या मॅगसेसे पुरस्कारासाठी अर्ज करायचा नसतो, तिथे दुसऱ्याने नामांकन करावं लागतं. पी. साईनाथ यांना २००७ साली आणि रवीश कुमार यांना २०१९ साली तो मिळाला.

मग येतो तो व्हॉट्सॲपवरचा निरोप: ‘आपली निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरून जागा निश्चित करावी.’ सोबत हॉटेलातल्या सोहळ्याचे दोन पास आणि एका चकचकीत पुस्तकात फोटो. शुल्क असणं हाच दोष नव्हे. पुलित्झरलाही प्रवेशिकेसोबत ७५ डॉलर भरावे लागतात. शुल्क कधी मागितलं जातं ते बघा. अर्जासोबत मागितलं तर ती कार्यालयीन बाब झाली. निवड झाल्यावर मागितलं तर तुम्ही ग्राहक आहात. परीक्षकांची नावं जाहीर आहेत का, गेल्या वर्षीच्या विजेत्यांची मूळ बातमी कुठे वाचायला मिळते का, आणि अर्ज न करताच तुमची ‘निवड’ कशी झाली, हे तीन प्रश्न विचारले तरी बहुतेक दुकानं बंद होतात.

दुसरी पारख हितसंबंधांची. साखर कारखानदारीवर लिहिणाऱ्याने कारखानदारांच्या संघाचा पुरस्कार घेतला, तर पुढची पाच वर्षं त्याच्या प्रत्येक बातमीखाली तो फोटो येत राहील. शासकीय पुरस्काराबाबतही मतं वेगळी आहेत. जाहिराती आणि अधिस्वीकृती (पत्रकार म्हणून शासनाची मान्यता) ज्या खात्याच्या हाती, तेच पुरस्कारही देतं, म्हणून काहीजण अर्जच करत नाहीत. हा विचार अर्ज करण्याआधी संपवावा. व्यासपीठावर कोण येणार हेसुद्धा आधी विचारता येतं. २०१६ साली पत्रकार अक्षय मुकुल यांनी गोएंका पुरस्कार पंतप्रधानांच्या हस्ते घ्यायला जाण्याचं टाळलं होतं. ऐनवेळच्या पेचापेक्षा आधीची चौकशी बरी.

काळ, गट आणि निवड

जाहिरातीत सगळ्यात आधी काळ वाचा. बरेच पुरस्कार १ जानेवारी ते ३१ डिसेंबर हा काळ धरतात, काही वेगळा. मालिका डिसेंबरात सुरू होऊन फेब्रुवारीत संपली असेल तर ती कोणत्या वर्षात मोडते, हे आयोजकांना ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं ‘हो, चालतंय’ नंतर कुणाला आठवत नाही.

गट निवडताना विषयापेक्षा कामाची पद्धत बघावी. धरणग्रस्तांच्या मोबदल्याची बातमी शेतीची, पर्यावरणाची की शोधपत्रकारितेची? तुम्ही कागदपत्रांवरून गैरव्यवहार सिद्ध केला असेल तर शोध. माणसांच्या आयुष्यावर झालेला परिणाम वर्षभर मागोवा घेत दाखवला असेल तर ग्रामीण किंवा दुर्लक्षित भागाचा गट. तीच बातमी तीन गटांत भरण्याचा मोह टाळावा, नियमांत बसत असलं तरी.

पाच कात्रणांची परवानगी असेल आणि चौथं-पाचवं म्हणजे ‘आमदारांनी घेतली बातमीची दखल’ असेल, तर तीनच द्या. कमजोर कात्रणाने सरासरी खाली येते. परीक्षकाला शेवटी वाचलेलं जास्त लक्षात राहतं, म्हणून तो क्रमही जाणून लावायचा.

टिपण: सगळा अर्ज इथे तरतो किंवा बुडतो

बातमीसोबत साधारण तीनशे-पाचशे शब्दांचं टिपण मागतात. यात मराठी बातमीदार हटकून घसरतो, कारण हात मथळ्याच्या भाषेला सरावलेला असतो. समजा, तालुक्यातल्या पाण्याच्या टँकरवर मालिका केली आहे. नेहमीचं टिपण असं येतं:

‘आमच्या वृत्तमालिकेने टँकर घोटाळ्याचा पर्दाफाश केला. जिल्ह्यात एकच खळबळ उडाली आणि प्रशासनाचे धाबे दणाणले.’

यात तपासण्याजोगं काहीही नाही. तेच काम असं लिहिता येतं:

‘११ गावांच्या टँकर नोंदवह्या माहिती अधिकारात मिळवल्या. त्याच टँकरांच्या जीपीएस नोंदींशी त्या ताडून पाहिल्या. दोन गावांत यंत्र बंद होतं, म्हणून ती मोजणीतून वगळली. उरलेल्या ९ गावांत दोन महिन्यांत वहीत ६४२ फेऱ्या होत्या, जीपीएसवर ३७१. फरकाबद्दल कंत्राटदार आणि गटविकास अधिकारी यांना लेखी प्रश्न पाठवले. त्यांचं उत्तर पहिल्याच भागात छापलं आहे.’

दुसऱ्या टिपणात सगळ्यात वजनदार वाक्य वगळलेल्या दोन गावांचं आहे. जे सिद्ध झालं नाही ते स्वतःहून सांगणारा बातमीदार बाकीच्या आकड्यांबाबतही खरा असणार, असं परीक्षक धरतो. टिपणात चार गोष्टी हव्यात: प्रश्न काय होता, माहिती कशी मिळवली, अडचण कुठे आली, दुसरी बाजू कशी घेतली. विशेषणं एकही नको. ‘जिवावर उदार होऊन’ असं लिहिण्यापेक्षा धमकीची पोलीस ठाण्यात नोंद झाली असेल तर तिची तारीख द्या.

‘नंतर’ आणि ‘मुळे’

बातमीचा परिणाम हा स्वतंत्र रकाना असतो. बातमी छापून आली, पंधरा दिवसांनी अधिकाऱ्याची बदली झाली. ‘बातमीमुळे बदली’ असं लिहिलं आणि ती नेहमीच्या बदल्यांच्या यादीतली निघाली, तर सगळी प्रवेशिका संशयात जाते. ‘बातमीनंतर’ हा शब्द पुरेसा आहे. ‘मुळे’ लिहायचं असेल तर कागद लागतो: आदेशात किंवा चौकशी अहवालात बातमीचा उल्लेख, विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नाचं उत्तर, किंवा उच्च न्यायालयाने बातमीची स्वतःहून दखल घेऊन दाखल केलेली याचिका. शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख लिहा. पुढाऱ्याचं अभिनंदनाचं पत्र जोडू नका, त्याने नुकसानच होतं.

परिणाम झालाच नसेल तर तसं लिहा. कितीतरी उत्तम बातम्यांनंतर काहीच हललेलं नसतं आणि हे परीक्षकांना पक्कं ठाऊक असतं.

पुराव्यांचं फोल्डर

हे फोल्डर अर्जाच्या आठवड्यात उघडायचं नसतं, बातमी सुरू झाली त्या दिवशी उघडायचं. त्यात काय असावं?

छापील पान पूर्ण हवं, कापलेलं नको. कापलेल्या कात्रणावर तारीख, आवृत्ती आणि पान क्रमांक नसतो, आणि सांगली आवृत्तीत पहिल्या पानावर असलेली बातमी मुंबईत पाचव्या पानावर चार ओळींत असते. ई-पेपरची पीडीएफ त्याच दिवशी उतरवून घ्या. अनेक ठिकाणी जुनी पानं काही दिवसांनी मिळत नाहीत. संकेतस्थळावरच्या बातमीचा दुवा वेबॅक मशीन या जुनी वेबपानं साठवणाऱ्या संकेतस्थळावर जतन करा, कारण संकेतस्थळाची रचना बदलली की जुने दुवे मरतात.

माहिती अधिकाराचं उत्तर पाकिटासकट ठेवा. पाकिटावरचा टपालाचा शिक्का तारीख सांगतो. अर्जाला १० रुपये शुल्क, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत मांडावा लागतो. मोठ्या मालिकेत म्हणून पाच-सहा वेगळे अर्ज असतात. ते कोणत्या तारखेला टाकले आणि कुठे अपिलात जावं लागलं, याची एक पानाची यादी जोडली की कष्ट न सांगता दिसतात.

मुलाखतींच्या ध्वनिफिती, वहीची पानं आणि स्रोतांचे संपर्क हे पाठवायचं नसतं, पण मागितलं तर दाखवता आलं पाहिजे. जर्मनीतल्या ‘डेर श्पीगेल’ साप्ताहिकाचे क्लास रेलोटियस पुरस्कारांमागून पुरस्कार घेत होते. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांच्या कहाण्यांतली बनावट उघड झाली. सहकारी हुआन मोरेनो यांना संशय आला आणि ज्या माणसांना भेटल्याचं रेलोटियस सांगत होते, त्यांना मोरेनो यांनी स्वतः जाऊन गाठलं. तुमच्या बातमीतल्या माणसाला दुसरं कुणी गाठू शकेल का, ही कसोटी घरबसल्या लावता येते. एकाच माणसाच्या सांगण्यावर उभी असलेली बातमी पुरस्काराला पाठवू नये. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०२० साली ‘कॅलिफेट’ या पॉडकास्टसाठी मिळालेला पीबडी हा प्रसारण क्षेत्रातला पुरस्कार परत केला, तो मुख्य पात्राची कहाणी टिकली नाही म्हणून.

कागदांवरची नावं झाकताना एक फसगत नेहमी होते. पीडीएफवर काळी पट्टी ओढली की नाव गेलं असं वाटतं. पण पट्टीखालचा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला की अख्खं नाव बाहेर येतं. पान छापा, मार्करने खोडा, त्याची छायाप्रत काढा आणि ती स्कॅन करा. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालकांसाठी पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. प्रवेशिका बंद पाकिटात जाते म्हणून सूट मिळत नाही. गावाचं नाव, शाळेचं नाव, वडिलांचा व्यवसाय अशा तपशिलांतूनही ओळख पटते.

श्रेय कुणाचं

मराठी वर्तमानपत्रांत अजूनही ‘प्रतिनिधी’ किंवा ‘वार्ताहर’ एवढ्यावर बातमी जाते. नाव छापलेलं नसेल तर लेखन तुमचंच असल्याचा संपादकांचा दाखला लागतो: लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, बातमीचा मथळा आणि तारीख लिहून. ‘हे आमचे बातमीदार आहेत’ असा मोघम दाखला परत येतो. तालुक्याच्या बातमीदाराने माहिती काढली आणि मुख्य कचेरीतल्याने ती सजवली असेल, तर दोघांची नावं अर्जात हवीत. हा वाद निकालानंतर निघाला तर दोघांचंही हसं होतं.

भाषांतर

काही पुरस्कार इंग्रजी भाषांतर मागतात. दोन चुका होतात. एक, भाषांतरात बातमी सुधारली जाते. मूळ मजकुरात नसलेला संदर्भ किंवा आकडा इंग्रजीत येतो आणि मराठी जाणणारा परीक्षक तो पकडतो. जादा माहिती टिपणात द्या, भाषांतरात नको. दुसरी चूक मुलखाच्या शब्दांची. सातबारा, गायरान, पाणंद, ग्रामसेवक हे शब्द तसेच ठेवून सोबत अर्ध्या पानाची अर्थसूची द्यावी. पैसेवारीचं शब्दशः भाषांतर केलं तर परीक्षकाला तो चलनाचा विषय वाटेल. ‘पिकाच्या अपेक्षित उत्पन्नाच्या तुलनेत आलेलं उत्पन्न, ५० पैशांच्या खाली गेलं की दुष्काळसदृश स्थिती’ एवढी एक ओळ त्याला पुरते.

फॉन्टचाही घोळ असतोच. अनेक कचेऱ्यांत पानं अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत लागतात. तो मजकूर ऑनलाइन अर्जात चिकटवला की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी होते. युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर ‘मार्च’, ‘कार्यालय’, ‘शेतकऱ्यांचा’ असे शब्द शोधून पाहा. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि ‘ऱ्या’ तुटतो, तो इथेच.

छायाचित्र आणि चित्रफीत

मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत वेळ-ठिकाणाची नोंद उरत नाही आणि आकारही घटतो. निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवा. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटच्या फेऱ्यांत कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागतात. २०१५ साली उपांत्य फेरीतल्या सुमारे पाचव्या हिश्शाच्या प्रवेशिका फेरफारापायी बाद झाल्या. त्याच वर्षी बेल्जियममधल्या शार्लरॉ शहरावरच्या मालिकेचा पुरस्कार काढून घेतला गेला, कारण त्यातलं एक छायाचित्र ब्रुसेल्स भागात काढलेलं होतं. छायाचित्राखालच्या ओळीतल्या गावाचं नाव चुकलं तरी पुरस्कार जातो, तो असा. चित्रफितीसोबत मिनिट-सेकंदांसह दोन-तीन महत्त्वाच्या जागा लिहून द्या. अर्ध्या तासाचा कार्यक्रम पहिल्या फेरीत कुणी सलग पाहत नाही.

खुलासे लपवू नका

बातमीवर दुरुस्ती छापली, वकिलाची नोटीस आली किंवा प्रेस परिषदेकडे तक्रार झाली, तर ते अर्जात लिहा आणि दिलेलं उत्तर जोडा. पुलित्झरच्या नियमांत तर अचूकतेवर घेतलेला मोठा आक्षेप सोबत द्यावाच लागतो. नोटीस आली म्हणून बातमी कमी ठरत नाही. नोटीस दुसऱ्याकडून कळली तर मात्र अर्ज पडतो. आणि परिचय लिहिताना पदवी, पदं, आधीचे पुरस्कार प्रमाणपत्र समोर ठेवून लिहा. ‘अंतिम फेरीत निवड’ आणि ‘विजेता’ यांतलं अंतर पुसू नका.

पाठवणं आणि पुढे

मुदतीच्या चार दिवस आधी अर्ज पूर्ण करा. फाइलींची नावं रोमन अक्षरांत, आधी वर्ष-महिना-दिवस आणि मग मथळा, अशी ठेवा. देवनागरी नावं काही संकेतस्थळांवर तुटतात. पीडीएफ मोठी झाली तर पानं काळी-पांढरी स्कॅन करून बघा, पण नंतर मोबाइलवर उघडून बारीक अक्षर वाचता येतंय ना ते पाहा. कागदी अर्ज असेल तर पोच घ्या आणि मागितल्यापेक्षा एक प्रत जास्त काढून ती स्वतःकडे ठेवा.

अर्ज गेल्यावर परीक्षकांना फोन करू नये, ओळखीतून ‘जरा बघा’ तर मुळीच नको. मराठी पत्रकारितेचं वर्तुळ लहान आहे. परीक्षक तुमचे जुने संपादक असतील तर आयोजकांना तुम्हीच तसं कळवा.

रक्कम मिळाली तर कराचं विसरू नका. केंद्र किंवा राज्य शासनाने दिलेले, किंवा केंद्राने त्यासाठी मान्यता दिलेल्या संस्थांचे पुरस्कार करमुक्त ठरू शकतात. इतरांचे उत्पन्नात धरले जातात. पुरस्कारपत्राची प्रत हिशेबनिसाला द्या.

निकाल काहीही लागो, पुराव्यांचं फोल्डर लगेच पुसू नका. अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा प्रसिद्धीपासून एक वर्षात लावता येतो, फौजदारी तक्रारीला तीन वर्षांची मुदत आहे. पुरस्काराची बातमी छापून आल्यावर जुनी मालिका पुन्हा वाचली जाते आणि जिच्याकडे आधी काणाडोळा झाला होता तिच्यावर नोटीस येते. त्या वेळी पाकिटावरचा टपालाचा शिक्काच कामाला येतो. तीन वर्षं आणि वर काही महिने, तोवर फोल्डर दोन ठिकाणी ठेवा: एक कचेरीत, एक घरी.